न वाजविलेली चाल

ऐक्य हा शब्द आपल्या समाजात इतक्या वेळा उच्चारला जातो की, त्याचा अर्थ विचारण्याचे आपल्याला भानच राहत नाही. सभेत मतभेद झाला की कोणीतरी उठून म्हणतो, 'आपण सारे एक आहोत, वाद नको.' सभा शांत होते, ठराव संमत होतो, चहा येतो. परंतु ज्याचे म्हणणे अर्ध्यावर राहिले तो माणूस घरी जाताना इतरांशी खरोखर एक झालेला असतो काय? की तो केवळ गप्प झालेला असतो? ऐक्यासाठी माणसाने आपले वेगळेपण किती सोडावे आणि किती जपावे, हा प्रश्न कुटुंबात, धर्मग्रामात आणि देशात, सर्वत्रच उभा राहतो. त्याला तयार उत्तर नाही.

या प्रश्नाचा विचार आपण बहुधा उपदेशाच्या भाषेत करतो. येथे आम्ही तो एका संगीताच्या आधारे करू इच्छितो. हे संगीत आपले नव्हे. इंडोनेशियातील जावा व बाली या बेटांचे ते आहे आणि त्याला गमेलान असे म्हणतात. अनेक माणसांनी एकत्र कसे वाजवावे हे ठरविताना, अनेक माणसांनी एकत्र कसे राहावे याविषयीही त्या लोकांनी काही ठरविले आहे, असे हे संगीत समजून घेताना आम्हांला वाटले. म्हणून हा प्रपंच.

गमेलान हे एका वाद्याचे नाव नाही, तर वाद्यांच्या संपूर्ण संचाचे नाव आहे. जावी भाषेत 'गमेल' म्हणजे हातोडी किंवा ठोकणे. या संचातील बहुतेक वाद्ये कांशाची असतात आणि ती लाकडी किंवा शिंगाच्या ठोक्याने वाजवितात. दहा भाग तांबे व तीन भाग कथील, असे या कांशाचे परंपरेने सांगितलेले प्रमाण आहे. सारोन या वाद्यात लाकडी पेटीवर कांशाच्या जाड पट्ट्या ओळीने मांडलेल्या असतात. गेंडेरच्या पट्ट्या पातळ असतात व त्या नळ्यांच्या तोंडांवर दोरीने तोललेल्या असतात, त्यामुळे त्यांचा नाद मृदू आणि लांबणारा. बोनांग म्हणजे पालथ्या घातलेल्या लहान गडव्यांसारख्या घंटांच्या रांगा. त्यांच्यामागे उभ्या चौकटीला टांगलेले मोठे गाँग असतात. यांच्या जोडीला लाकडी पट्ट्यांचे गांबांग, गजाने वाजवावयाचा दोन तारांचा रबाब, बांबूची बासरी, दोन्ही तोंडांनी वाजणारा केंडांग नावाचा ढोल आणि गायक-गायिका. मोठ्या संचाभोवती वीस-तीस माणसे जमिनीवर मांडी घालून बसतात.

या संचाची पहिली विशेषता अशी की, त्याचे सूर जगातील कोणत्याही प्रमाणाला बांधलेले नसतात. जावामध्ये दोन स्वरव्यवस्था आहेत. स्लेंद्रो या व्यवस्थेत सप्तकाचे पाच जवळजवळ सारखे भाग पडतात, तर पेलोगमध्ये सात असमान स्वर असतात. परंतु एका गावातील स्लेंद्रो दुसऱ्या गावातील स्लेंद्रोशी तंतोतंत जुळत नाही. प्रत्येक संच घडविताना कारागीर त्याचे सूर त्या संचापुरते ठरवितो. त्यामुळे एका संचातील सारोन उचलून दुसऱ्या संचात ठेवता येत नाही. तेथे तो बेसूर ठरतो. इंग्रज विद्वान अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ साली निरनिराळ्या देशांच्या स्वरसप्तकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी जावातील वाद्यांचेही सूर मोजले होते. निसर्गाने सर्व मानवजातीला एकच स्वरसप्तक दिले आहे, ही युरोपातील समजूत त्या मोजमापाने ढासळली. सप्तके अनेक आहेत आणि ती माणसांनी निर्माण केलेली आहेत, असा निष्कर्ष एलिस यांनी काढला. एखादा सूर बरोबर आहे की चूक, हे तो कोणाच्या संगतीत वाजत आहे त्यावर ठरते, एवढे तरी आपण यातून घ्यावयास हरकत नाही.

आता बालीकडे वळू. बालीतील गमेलानमध्ये कांशाच्या पट्ट्यांची वाद्ये जोडीजोडीने घडविली जातात. जोडीतील दोन्ही वाद्यांत तेच स्वर, तोच आकार, तीच चाल. परंतु एकाचे सूर दुसऱ्यापेक्षा हेतुपुरस्सर किंचित चढे ठेवलेले असतात. समजा, एका पट्टीची सेकंदाला ३०० कंपने होतात आणि तिच्या जोडीदाराची ३०७. दोन्ही एकदम वाजविल्या की त्यांचा एकत्रित नाद सेकंदाला सात वेळा लहानमोठा होतो, थरथरतो. बालीचे लोक या थरथरीला 'ओंबाक' म्हणजे लाट असे नाव देतात. ही लाट नसेल तर त्यांना वाद्य निर्जीव वाटते. दोन्ही पट्ट्या अगदी एका सुरात लावणे त्यांच्या कारागिराला अवघड नाही. पट्टीचे टोक घासले की सूर चढतो, मधला भाग खालून घासला की उतरतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. तरीही तो हे अंतर काळजीपूर्वक राखतो.

वेगळेपणाच्या समर्थनासाठी हे उदाहरण सहज वापरता येईल. 'आम्ही असेच आहोत, आमचा सूर वेगळाच लागणार,' असे म्हणणाऱ्याला ते फार सोयीचे वाटेल. परंतु एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जोडीतील हे अंतर मनमानी नसते. ते मोजलेले असते, संपूर्ण संचभर लाटेची गती शक्यतो सारखी राहील असे ते ठेवावे लागते, आणि मुख्य म्हणजे ते जोडीदाराच्या संदर्भात ठरविलेले असते. कोणाशीही न जुळणारे वाद्य बालीतही बिघडलेलेच मानले जाते. ज्याला आपल्या जोडीदाराचा सूर ऐकू येतो, त्याच्याच वेगळेपणाला तेथे किंमत आहे.

याच बेटावरील वादनाची आणखी एक रीत आहे, तिला कोतेकान म्हणतात. एक द्रुत चाल दोन वादकांत अशी वाटून दिलेली असते की, एकाच्या ठोक्यांमधील मोकळ्या जागी दुसऱ्याचे ठोके बसतात. एका भागाला पोलोस म्हणतात, दुसऱ्याला सांगसिह. एकट्याने वाजविलेला भाग अडखळत चालणाऱ्या माणसासारखा ऐकू येतो. दोन्ही भाग एकत्र आले की एका माणसाच्या हाताला कदापि न साधणारी गती निर्माण होते. ऐकणाऱ्याला दोन वादक वेगळे ओळखू येत नाहीत. मात्र वादकाला प्रत्येक क्षणी दुसऱ्याचे अस्तित्व जाणवत असते, कारण त्याच्या ठोक्याची जागाच दुसऱ्याने मोकळी सोडलेली असते. संसारात पती-पत्नी एकमेकांसाठी अशा जागा सोडतात, तेव्हा त्यांच्या घराचीही अशीच एक लय बनते. दोघांनी एकाच वेळी बोलावयाचे ठरविले, तर ती मोडते.

येथे कोणी विचारील की, एवढ्या वादकांना चालवितो कोण? पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभा राहणारा संचालक असतो. गमेलानमध्ये असा कोणी नसतो. लय हलविण्याचे, थांबविण्याचे, एका चालीतून दुसऱ्या चालीत नेण्याचे काम मुख्यतः ढोलवादक करतो. परंतु तोही इतरांबरोबर जमिनीवरच बसलेला असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, सारे त्याचे ऐकतात. नेतृत्व करणाऱ्यांनी, आणि त्यांत आम्ही धर्मगुरूही आलो, या बैठकीचा थोडा विचार करावा असे आम्हांला वाटते.

ढोलवादकाहूनही आम्हांला विचार करावयास लावतो तो मोठ्या गाँगचा वादक. आपल्या तालात सम पहिल्या मात्रेवर येते. जावातील आवर्तनाचा भार शेवटच्या ठोक्यावर असतो आणि तेथे मोठा गाँग वाजतो. केतावांग नावाच्या रचनेत मूळ चालीच्या १६ ठोक्यांनंतर गाँग येतो, लाद्रांगमध्ये ३२ ठोक्यांनंतर, तर मोठ्या रचनांत त्याहूनही उशिरा. लय संथ असेल तर मिनिटामागून मिनिटे हा माणूस हात मांडीवर ठेवून बसलेला दिसतो. परंतु त्याचे लक्ष क्षणभरही ढळून चालत नाही. त्याचा एक ठोका चुकला, तर आवर्तन संपले की नाही हे कोणालाच कळणार नाही. या मोठ्या गाँगला संचात सर्वाधिक मान आहे. त्याला फुले वाहतात, धूप दाखवितात. कोणत्याही वाद्यावरून पाय टाकून जाणे जावामध्ये अपमानास्पद मानले जाते. थोर संचांना तर 'क्याई' ही आदरणीय पुरुषाला लावावयाची उपाधी असते.

आता आम्ही ज्या गोष्टीमुळे या विषयाकडे ओढले गेलो, तिच्याकडे येतो. गमेलानमध्ये प्रत्येक वाद्य वेगळे काही वाजवीत असेल, तर मूळ चाल कोण वाजवितो? अनेक वर्षे अभ्यासक सांगत असत की, सारोनवर वाजणारी संथ स्वरमाला हीच मूळ चाल. तिला बालुंगान म्हणतात. 'बालुंग' म्हणजे हाड, म्हणून बालुंगान म्हणजे सांगाडा. इतर वाद्ये या सांगाड्यावर मांस चढवितात, असे मानले जाई. सुमारसाम या जावी वादक-अभ्यासकाने १९७५ साली या समजुतीविषयी शंका उपस्थित केली. सारोनचा पल्ला जेमतेम एका सप्तकाचा असतो. चाल त्यापलीकडे वर किंवा खाली गेली की सारोनला वळून पुन्हा आपल्याच सप्तकात यावे लागते. म्हणजे सारोन वाजवितो ती चाल मोडून बसविलेली असते. रबाब आणि गायिका त्या चालीच्या जवळ जातात, पण त्यांचाही मार्ग वळणावळणाचा असतो. मग खरी चाल कोठे आहे? सुमारसाम यांचे उत्तर असे की, ती वादकांच्या अंतःकरणात आहे. प्रत्येक जण ती मनातल्या मनात गात असतो आणि आपल्या वाद्याला झेपेल त्या रीतीने तिच्याशी इमान राखून वाजवितो. ती चाल पूर्णपणे कोणीच वाजवीत नाही, आणि तरीही सर्वांना एकत्र ठेवते ती तीच.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ विचार करीत राहिलो. समाजाचे ऐक्य ही वस्तू कोणा एकाच्या हातात असू शकत नाही, हे आपण तोंडाने मान्य करतो; व्यवहारात मात्र प्रत्येकाला वाटते की मूळ चाल आपणच वाजवीत आहोत आणि इतर तिच्यापासून ढळले आहेत. वृद्धांना वाटते ती त्यांच्याकडे आहे, तरुणांना वाटते त्यांच्याकडे. गमेलानचा वादक असा दावा करीत नाही. त्याला आपल्या वाद्याचा पल्ला ठाऊक असतो.

या वाद्यांनी श्रद्धेच्या सीमाही ओलांडल्या आहेत. बालीत ती हिंदू मंदिरांच्या उत्सवांत वाजतात. जावाची बहुसंख्य प्रजा मुस्लिम आहे. तेथे योग्याकार्ता येथील राजवाड्यातील क्याई गुंतुर मादू आणि क्याई नागाविलागा हे दोन संच प्रेषितांच्या जन्माच्या महिन्यात सेकातेन उत्सवासाठी मोठ्या मशिदीच्या आवारात आणून वाजविले जातात. त्याच शहराच्या दक्षिणेस गांजुरान येथे येशूच्या पवित्र हृदयाचे मंदिर आहे. साखर कारखाना चालविणाऱ्या श्मुत्झर या डच कुटुंबाने ते १९२४ साली बांधले. तेथे प्रभू येशूची मूर्ती जावी राजाच्या वेषात आहे आणि उपासनेत गमेलान वाजते. २००६ सालच्या भूकंपात ते मंदिर कोसळले आणि नंतर जावी शैलीतच पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक दस्तऐवजात प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीताला योग्य मान द्यावा असे सांगितले. गांजुरानच्या भाविकांना ते वचन नवखे वाटले नसावे.

येथवर वाचून कोणाला वाटेल की जावा आणि बाली ही सलोख्याची नंदनवनेच आहेत. तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जावी समाजनीतीचा अभ्यास करणारे येशूसंघीय तत्त्वज्ञ फ्रान्झ माग्निस-सुसेनो यांनी १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात त्या नीतीची दोन मूलतत्त्वे सांगितली आहेत. पहिले 'रुकुन', म्हणजे उघड संघर्ष टाळून सलोखा राखणे. दुसरे 'होर्मात', म्हणजे प्रत्येकाला त्याच्या पायरीनुसार आदर देणे. दोन्ही तत्त्वे सुंदर आहेत. परंतु वरच्या पायरीवरील माणसाने रुकुनचा आग्रह धरला आणि खालच्या पायरीवरील माणसाचे दुःख तसेच राहिले, तर सलोख्याचे रूपांतर दडपणात होते. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात लष्कराच्या पुढाकाराने कम्युनिस्ट आणि कम्युनिस्ट असल्याचा संशय असलेल्या लोकांची कत्तल झाली. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे किमान पाच लाख माणसे मारली गेली. जावामध्ये आणि लाटेचा नाद घडविणाऱ्या बालीमध्येही शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले. त्यानंतर कितीतरी वर्षे त्या मृतांविषयी उघडपणे बोलता येत नव्हते. देश शांत होता. त्या शांततेला ऐक्य म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

तेव्हा संगीतामुळे माणूस आपोआप चांगला होतो, असा भाबडा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. मात्र या संगीतातच एक कसोटी दडलेली आहे, असे आम्हांला वाटते. गमेलानमधील मौन आणि दडपलेल्या माणसाचे मौन बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही हात मांडीवर ठेवून बसलेले असतात. मग त्यांतील फरक ओळखावा कसा? तो माणूस तेथे नसता तर काय झाले असते, हे विचारावे. गाँगचा वादक उठून गेला, तर बाकीच्या सर्वांची वाट चुकते. त्यांना थांबून त्याला शोधावेच लागते. गप्प केलेला माणूस उठून गेला, तर सभा अधिकच सुरळीत चालते. ज्याच्या जाण्याने कोणाचेच काही अडत नाही, त्याला आपण आपल्यात घेतलेलेच नसते. त्याच्या मौनाला संमती समजून आपण केवळ आपली सोय केलेली असते.

गप्प केलेली माणसे आपला आवाज कसा राखतात, याचाही दाखला याच इतिहासात आहे. डच राजवटीने १९२६-२७ च्या उठावानंतर राजकीय कैद्यांसाठी न्यू गिनीच्या अरण्यात बोवेन दिगुल येथे छावणी उघडली. सुराकार्ता दरबाराचे वादक पोंत्योपांग्रावित हे तेथे कैदी होते. छावणीत कांसे कोठून मिळणार? त्यांनी १९२७ साली डबे, भांडी आणि लाकूड अशा हाताला लागेल त्या सामानातून गमेलानचा संच उभा केला. दुसऱ्या महायुद्धात कैद्यांना ऑस्ट्रेलियात हलविण्यात आले, तेव्हा त्यांनी तो संचही बरोबर नेला, आणि आज तो मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठात जतन केलेला आहे. राजवाड्यातील क्याई संचांपुढे ती डबडीच म्हणावयाची. परंतु ती वाजविणाऱ्यांच्या मनातील चाल राजवाड्यातलीच होती. तिला कांशाची अट नव्हती आणि पहारेकऱ्यांना ती काढूनही घेता आली नाही.

या दूरच्या बेटांवरून आता आपल्या अंगणाकडे पाहावे. आपल्या धर्मग्रामांत जुनी घराणी आहेत आणि नोकरीधंद्यासाठी कालपरवा आलेली कुटुंबेही आहेत. घरच्या बोलीतच प्रार्थना सुचणारी आजी आहे आणि गैरसोयीचे प्रश्न विचारणारा महाविद्यालयीन मुलगा आहे. या साऱ्यांनी एकाच सुरात बोलावे, असा आग्रह धरणे सोपे आहे. त्याने सभा लवकर संपतात. प्रत्येकाने आपापले वाजवावे असे म्हणणेही तितकेच सोपे, त्याने केवळ कोलाहल होतो. या दोहोंमधील वाट कष्टाची आहे. दुसऱ्याचा सूर ऐकून आपला सूर लावणे, त्याच्यासाठी जागा सोडणे, आपल्या वाद्याचा पल्ला ओळखणे आणि जी चाल आपल्यापैकी कोणालाच पूर्ण वाजविता येणार नाही तिच्याशी इमान राखणे, एवढे सारे त्यात येते. बालीचा कारागीर एकेका पट्टीसाठी वेळ खर्ची घालतो. आपण माणसांसाठी तेवढा वेळ देतो काय?

वाचकहो, पुढच्या सभेला आपण जाल तेव्हा कोण काय बोलले याची नोंद चिटणीस ठेवीलच. आपण एवढेच करावे: कोण बोलले नाही ते पाहावे, गेल्या वर्षी येत असे आणि आता येत नाही असा कोणी आहे काय, ते आठवावे, आणि सभा संपल्यावर चहापूर्वी किंवा चहानंतर त्याच्या घराकडे एक फेरी मारावी.